फवारा घेतला, आता तो राखा

आपल्या धार-देवासकडे तुषार संच ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. रब्बीच्या दिवसांत इंदूरहून कोणत्याही रस्त्याने निघा. गहू, लसूण व बटाट्याच्या शेतांत फवारे फिरताना दिसतात. शहरातील नव्या वसाहतींत बंगल्यापुढच्या हिरवळीवर तोच फवारा लहान रूपात फिरत असतो. इकडे त्याला कोणी स्प्रिंकलर म्हणतो, कोणी फव्वारा. नाव काहीही असो, त्याच्याविषयी एक गोष्ट आम्हांस स्पष्टपणे सांगावीशी वाटते. नुसता फवारा विकत घेतल्याने पाणी वाचत नाही. तो नीट राखला तर वाचते. आणि राखण्याच्या कामात आपण फार मागे आहोत.

थोडे डोळे उघडे ठेवून पाहिले तर हे कोणालाही दिसेल. नळ्यांच्या जोडावर कारंजे उडत असते आणि बांधावर डबके साचते. एखादा फवारा फिरायचा थांबून एकाच दिशेला तासन् तास पाणी फेकतो. तिथे चिखल होतो आणि चार पावलांवर जमिनीला भेगा पडतात. बंगल्यातील फवारा हिरवळीपेक्षा सिमेंटची वाट अधिक भिजवतो. मग मालक वैतागून म्हणतो, "या फवाऱ्यात काही अर्थ नाही." शेतकरी पुन्हा पाटाने पाणी सोडतो, घरमालक रबरी नळी हाती घेतो, आणि चांगला संच गोठ्यामागे उन्हात पडून राहतो. पंधरा-वीस रुपयांची रबरी रिंग वेळेवर बदलली असती तर हे टळले असते.

हा प्रश्न कुठेही महत्त्वाचा आहे, परंतु आपल्या भागात तो अधिक गंभीर आहे. पावलोपावली पाणी असलेला प्रदेश अशी माळव्याची जुनी ख्याती. धार शहरात जुने तलाव, मांडवगडावर मुंज व कपूर तलावांच्या मधोमध उभा असलेला जहाज महाल, गावोगावच्या बावड्या, हे सारे पूर्वजांच्या शहाणपणाची साक्ष देतात. त्याच माळव्यातील देवास शहरात एप्रिल १९९० मध्ये इंदूरहून रेल्वेच्या टाक्यांतून पिण्याचे पाणी आणावे लागले. अनुपम मिश्र यांनी 'आज भी खरे हैं तालाब' या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात या घटनेची नोंद केली आहे. शहरातील तळी बुजली, त्यांच्या जागी घरे व कारखाने उभे राहिले, आणि सारा भार नलकूपांवर पडला, असे त्यांनी दाखवून दिले आहे.

आपल्या काळ्या जमिनीखाली काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत व झिजलेल्या थरांत जेवढे पाणी मुरते तेवढेच आपले. नलकूप खोल नेला म्हणून पाणी वाढत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीतले आपल्याकडे येते, एवढेच. धार जिल्ह्यातील कित्येक गावांत तर नलकूपाच्या पाण्याबरोबर फ्लोराइडही वर येते, आणि दात व हाडे बिघडवणारे दुखणे मागे लागते. देवास जिल्ह्यात २००६ पासून तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतात तलाव खोदले आणि पाणी पुन्हा साठवता येते हे सिद्ध केले. २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी पंपांनी विंध्याचा चढ चढवून क्षिप्रेत सोडण्यात आले. जे पाणी तलाव खोदून साठवले, किंवा वीज जाळून डोंगर चढवून आणले, ते फाटक्या रिंगेतून बांधावर सांडावे, हे आम्हांस पटत नाही.

गळतीचा हिशोब घरच्या घरी करता येतो. गळणाऱ्या जोडाखाली पंधरा लिटरची बादली ठेवा. ती तीन मिनिटांत भरली तर तासाला ३०० लिटर पाणी गेले. सहा तास पंप चालला तर १८०० लिटर, म्हणजे दोनशे लिटरची नऊ पिंपे. हे फक्त एका जोडाचे.

आता बिघाड शोधायचा कसा, हे क्रमाने सांगतो. हा फवारा काही जादूचे यंत्र नव्हे. कॅलिफोर्नियातील ग्लेंडोरा गावच्या ऑर्टन एंगलहार्ट या बागायतदाराने तो १९३३ च्या सुमारास बनवला व १९३५ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. तोटीतून निघालेली धार एका आडव्या हाताला लागते, हात बाजूला जातो, स्प्रिंग त्याला परत ओढते, आणि परत येताना बसलेल्या ठोक्याने फवारा थोडासा फिरतो. एवढीच त्याची करामत. शेतकऱ्यासाठी बनलेली ही वस्तू शेतकऱ्याला दुरुस्त करता येणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

सगळेच फवारे मंद चालत असतील तर

दोष एखाद्या फवाऱ्यात नसून मागे आहे असे समजावे. प्रथम पंप पाहावा. फुटव्हॉल्व्हला पालापाचोळा अडकला आहे का, खेचनळी कुठे हवा घेते का, विजेचा दाब कमी आहे का. नंतर गाळणी उघडून धुवावी. पुष्कळांच्या संचाला गाळणी असते, पण ती बसवल्यापासून कोणी उघडलेलीच नसते. त्यानंतर पंपापासून शेवटच्या नळीपर्यंत पायी चालत जावे. फुटलेली नळी किंवा निसटलेला जोड डोळ्यांनी दिसतो. एवढे करूनही दाब कमीच असेल तर पंपाच्या ताकदीपेक्षा जास्त फवारे जोडले आहेत का ते मोजावे. शेतावरच्या फवाऱ्याला साधारणपणे चौरस सेंटिमीटरला अडीच ते तीन किलो दाब लागतो. दाब मोजायचे घड्याळ नसेल तर धारेकडे पाहावे. दाब कमी असला तर पाणी मोठ्या थेंबांनी कड्यासारखे बाहेरच्या बाजूला पडते व मधली जागा कोरडी राहते. दाब जास्त असला तर पाण्याचे धुके होते व वारा ते उडवून नेतो.

बंगल्यांतून आढळणारा मुख्य दोष हा दाबाचाच आहे. गच्चीवरच्या टाकीची नळी थेट फवाऱ्याला जोडतात आणि तो फिरत नाही म्हणून दुकानदाराला बोल लावतात. पाण्याची उंची दहा मीटर असेल तेव्हा कुठे एक किलो दाब मिळतो. टाकी पाच मीटरवर असेल तर अर्धा किलोच. एवढ्यावर ठोक्याचा फवारा नीट चालणे कठीण. अशा घरांनी छोटा पंप लावावा, नाहीतर कमी दाबावर चालणारी साधी तोटी घ्यावी, किंवा झाडांच्या मुळांशी ठिबक नळी टाकावी. फवारा बदलून काही साधणार नाही.

एकच फवारा बिघडला असेल तर

पंप बंद करून तो फवारा काढावा. तोटीत वाळूचा कण असेल तर बांबूच्या बारीक काडीने काढावा. तार किंवा खिळा घालू नये. त्याने भोक ओरखडते व धार कायमची फाटते. फवारा फिरतो त्या जागेच्या वायसरांत वाळू बसली असेल तर स्वच्छ पाण्यात बुडवून, बोटांनी फिरवत फिरवत ती धुवून काढावी. तिथे तेल किंवा ग्रीस मुळीच लावू नये. त्या भागाला वंगण पाण्याचेच मिळते. तेलावर धूळ चिकटते व वायसर खराब होतात. ठोका देणारा हात वाकडा झाला आहे का, स्प्रिंग सैल पडली आहे का, हे शेजारच्या चांगल्या फवाऱ्याशी ताडून पाहावे. आपल्याकडच्या जड पाण्याचा पांढरा थर चढला असेल तर लिंबूसत घातलेल्या पाण्यात रात्रभर तोटी बुडवून ठेवावी व सकाळी जुन्या दातघासणीच्या ब्रशाने घासावी.

तोटी झिजते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. चार मिलिमीटरचे भोक झिजून साडेचार झाले तर त्याच दाबाला सुमारे सव्वापट पाणी जाते. एका तोटीने जास्त घेतले की पुढच्या फवाऱ्यांना कमी पडते. सुताराकडच्या ड्रिलच्या पात्यांतील त्याच मापाच्या पात्याचा गुळगुळीत दांडा तोटीत घालून पाहावा. तो घट्ट बसला तर तोटी ठीक. खुळखुळला तर तोटी बदलावी. एका ओळीत वेगवेगळ्या मापांच्या तोट्या मिसळू नयेत. आणि उभी नळी सरळ उभी आहे ना तेही पाहावे. ती कलली की एका बाजूला पाणी जवळ पडते व दुसऱ्या बाजूला लांब.

जोड गळत असेल तर

रबरी रिंग काढून खाच कापडाने पुसावी. बहुधा तिथे माती असते. रिंग फाटली, कडक झाली किंवा उलटी बसली असेल तर जोड गळणारच. तिचे ओठ पाण्याच्या बाजूला असावे लागतात, म्हणजे पाण्याचा दाबच तिला घट्ट बसवतो. बसवताना साबणाचे पाणी लावावे. इंजिनाचे तेल लावू नये, त्याने रबर फुगते. सुतळी किंवा सायकलची ट्यूब गुंडाळून गळती थांबत नाही, फक्त थोडी लपते. हंगाम संपला की नळ्या धुवून सावलीत, जमिनीपासून उंच, उंदरांपासून दूर ठेवाव्यात. रिंगा काढून डब्यात ठेवाव्यात. उन्हात पडलेले रबर पुढच्या हंगामाला कामाचे राहत नाही.

जमिनीखालची नळी गळत असेल तर ती दिसत नाही, पण खुणा दिसतात. उन्हाळ्यात हिरवळीचा एकच तुकडा गर्द हिरवा असणे, पाऊल टाकताच जमीन दबणे, या त्या खुणा. रात्री सर्व तोट्या बंद करून टाकीत पाण्याच्या पातळीवर खडूने रेघ मारावी व सकाळी पाहावे. पाणी उतरले असेल तर कुठेतरी वाट फुटली आहे. जमिनीतून वर येणारे फवारे असतील तर त्यांच्याभोवतीची माती व गवत दर महिन्याला खुरप्याने साफ करावे. उतारावरच्या बागेत पंप बंद केल्यावरही सर्वांत खालच्या फवाऱ्यातून पाणी झिरपत राहते. तो बिघाड नव्हे, नळीत उरलेले पाणी उतरते. तिथे परत न वाहू देणारी झडप बसवावी.

डब्यांची परीक्षा

सर्व दुरुस्ती झाल्यावर एक सोपी परीक्षा घ्यावी. सरळ भिंतींचे, सारख्या तोंडांचे आठ-दहा रिकामे डबे फवाऱ्यांच्या मधल्या जागेत ठेवावेत. वारा नसताना एक तास पाणी चालवावे आणि प्रत्येक डब्यात किती मिलिमीटर पाणी साठले ते पट्टीने मोजावे. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. चार मिलिमीटरच्या तोटीतून अडीच किलो दाबाला तासाला सुमारे ९५० लिटर पाणी निघते. फवारे बारा-बारा मीटरवर असतील तर तासाला साधारण साडेसहा मिलिमीटर पाणी पडायला हवे. एका डब्यात दहा व दुसऱ्यात तीन निघाले तर वाटणी बिघडली आहे. पाणी जमिनीवरून वाहू लागले तर काळी माती तेवढ्या वेगाने पाणी पीत नाही असे समजून लहान तोटी लावावी, किंवा थांबून थांबून पाणी द्यावे. या परीक्षेला एक पैसाही लागत नाही.

आरोग्याच्या व सुरक्षिततेच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट विजेची. मुख्य बटण बंद केल्याशिवाय पंपाला वा स्टार्टरला हात लावू नये. जुन्या संचातील ॲल्युमिनियमच्या नळ्या विजेच्या तारांखाली कधीही उभ्या धरू नयेत, आणि फवाऱ्याची धार तारांवर जाऊ देऊ नये. नळीतला उंदीर झटकून काढण्यासाठी नळी उभी करायची आणि ती वरच्या तारेला लागायची; अशा क्षणाच्या निष्काळजीपणात घरचा कर्ता माणूस जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट डबक्यांची. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो व आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. गळक्या जोडाखालचे डबके व झडपेची टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करावी. तिसरी गोष्ट नाल्याच्या पाण्याची. शहराचे सांडपाणी फवाऱ्याने पालेभाजीवर उडवू नये. ते पानांवर बसते आणि बारीक तुषारांतून श्वासातही जाते. चौथी गोष्ट, औषधाच्या वा खताच्या पिंपात पाण्याची नळी बुडवून ठेवू नये. पंप बंद पडताच ते पाणी उलटे खेचले जाऊन घरच्या पिण्याच्या पाण्यात मिसळू शकते.

आमचे मत

येथवर दुरुस्तीचे सांगितले. आता दोन गोष्टी रोखठोक सांगणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

पहिली गोष्ट हिरवळीची. घरापुढे गवत असणे वाईट नव्हे. मुले त्यावर खेळतात, म्हातारी माणसे संध्याकाळी बसतात, धूळ कमी होते. परंतु ज्या गल्लीत मे महिन्यात बायका टँकरची वाट पाहत उभ्या राहतात, त्याच गल्लीत भर दुपारी फवारा चालवणे हे शेजारधर्माला सोडून आहे. दुपारचे निम्मेअधिक तुषार वारा व ऊनच पिऊन टाकतात असे नाही म्हटले, तरी मोठा वाटा वाया जातो हे कोणीही मान्य करील. पाणी द्यायचे तर पहाटे द्यावे, आणि खुरप्याने चार बोटे खोल उकरून माती ओली असेल तर त्या दिवशी देऊच नये. आमची सूचना याहून पुढची आहे. आपली हरळी उन्हाळ्यात पिवळी पडते, मरत नाही. मृगाच्या पहिल्या सरीने ती पुन्हा हिरवी होते. दोन महिने तिला निजू द्यावे. पिवळे अंगण ही लाजेची गोष्ट नव्हे.

दुसरी गोष्ट शेतीची. केंद्राच्या योजनेतून २०१५ पासून सूक्ष्म सिंचनाला मोठा आधार मिळाला आहे. ठरवलेल्या खर्चाच्या ५५ टक्के अल्प व अत्यल्प भूधारकांना आणि ४५ टक्के इतरांना अनुदान मिळते. ही चांगली गोष्ट आहे. पण अनुदान संचाला मिळते, संचाच्या देखभालीला नाही. तीन-चार हंगामांनी रिंगा व तोट्या झिजतात तेव्हा शेतकऱ्याने एका वायसरासाठी इंदूरच्या बाजाराची फेरी मारायची का? कोणी म्हणतात, दुरुस्तीत वेळ घालवण्यापेक्षा नवीन संच घ्यावा. आम्हांस हे पटत नाही. ज्याने जुना राखला नाही तो नवाही राखणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की प्रत्येक गावात एक सामाईक पेटी असावी. तीत रिंगा, तोट्या, वायसर, स्प्रिंगा, दोन पाने व एक दाब मोजायचे घड्याळ असावे. दहा घरांनी थोडे थोडे पैसे घातले तर ती सहज होते. आयटीआय शिकलेला एखादा मुलगा किंवा मुलगी हे काम हाती घेईल तर त्यालाही चार पैसे मिळतील. घरातील स्त्रियांनाही हे काम शिकवावे. गळती प्रथम त्यांच्याच नजरेस पडते, पण पान्याला हात लावायला पुरुषाची वाट पाहिली जाते.

आणखी एक सावधगिरीचा शब्द. वाचलेले पाणी म्हणजे आणखी चार बिघे भिजवायला मिळालेला परवाना, असे समजले तर विहिरीची पातळी पूर्वीसारखीच खाली जाईल. फवाऱ्याने वाचवलेल्या पाण्यातला काही भाग जमिनीतच राहू द्यावा. सोयाबीनच्या दिवसांत पावसाने ओढ दिली तर तेच पाणी पीक वाचवील, आणि मे महिन्यात तेच गावाच्या घशाला ओलावा देईल.

वाचकहो, संच सुरू करण्यापूर्वी तीन कामे करा. शेवटच्या नळीचे टोपण काढून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या. प्रत्येक जोडाची रिंग हाताने तपासा. आणि डब्यांची परीक्षा घेऊन आकडे घरच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तीच परीक्षा पुन्हा घेतली की संच किती थकला ते वहीच सांगेल.